एकास बहात्तर

सेवानिवृत्तीनंतर माणसाने काय करावे, याविषयी आपल्या समाजाची मते ठरलेली आहेत. सकाळी फिरायला जावे, देवळात बसावे, ग्रंथवाचन करावे, नातवंडांना शाळेत पोहोचवावे. आम्ही यांतले थोडे थोडे सर्व करतो. परंतु दिवसाचे दोन-तीन तास मात्र पेडण्याच्या आमच्या घराच्या पडवीत, खिडकीखालच्या मेजावर, विमाने बांधण्यात जातात. ही विमाने प्लॅस्टिकच्या सुट्या भागांची, खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाची. भाग कापावेत, कानसीने घासावेत, डिंकाने जोडावेत, बारीक ब्रशाने रंगवावेत आणि पाण्यात भिजवून सोडविलेली चिन्हे पंखांवर चिमट्याने बसवावीत, असा हा उद्योग आहे. पावसाळ्यात रंग चार-चार दिवस वाळत नाही. तेव्हा आम्ही विमानांना धान्याच्या कोरड्या डब्यांत ठेवतो आणि घरातल्यांची बोलणी खातो.

घरी येणारे पाहुणे बहुधा एकच प्रश्न विचारतात, "याचा उपयोग काय?" या प्रश्नाने आम्ही कधी फारसे अस्वस्थ झालो नाही. छंदाला उपयोग विचारू नये, एवढे उत्तर त्याला पुरते. परंतु गेल्या काही वर्षांत दुसराच एक प्रश्न आमच्या मेजावर येऊन बसला आहे आणि तो उठायला तयार नाही. एखादी मोठी वस्तू लहान करताना तिच्यातले काही ना काही गळतेच. मग जे उरले त्याला सत्य म्हणावे काय? आणि जे गळले त्याची जबाबदारी कोणाची?

आपल्या भाषेत या प्रश्नाची किल्ली एकाच शब्दात आहे. नकाशाचे अथवा प्रतिकृतीचे जे माप, त्याला आपण 'प्रमाण' म्हणतो. आणि ज्याच्या आधारे एखादी गोष्ट खरी मानावयाची, त्यालाही 'प्रमाण'च म्हणतो. मापणे आणि खरे ठरविणे, या दोन क्रियांना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द दिला. चाळीस वर्षे सरकारी कागदांवर आम्ही हा शब्द लिहिला. पण त्याचे हे दोन अर्थ एकमेकांस खेटून उभे आहेत, हे ध्यानी आले ते निवृत्तीनंतर, हातात ब्रश असताना.

एकास बहात्तर हे प्रमाण तरी कोठून आले? मेट्रिक मापांत ते विचित्र दिसते. परंतु फूट आणि इंचांच्या जगात ते अगदी सरळ आहे. सहा फुटांना एक इंच. म्हणजे सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. इंग्लंडात १९३६ साली 'फ्रॉग' या नावाने प्लॅस्टिकच्या विमानांचे पहिले संच निघाले, ते याच प्रमाणाचे. हिशेब विमानापासून नव्हे, तर जणू माणसापासून सुरू होतो, हे आम्हांस फार आवडते. आधी माणूस एक इंचाचा. मग त्या मानाने विमान, इमारत, झाड. या हिशेबाने हवाई दलाचे कॅनबेरा हे चौसष्ट फूट पंखविस्ताराचे बाँबफेकी विमान आमच्या मेजावर सत्तावीस सेंटिमीटरांचे होऊन बसते.

आपल्या घरांतून या कलेचा दुसरा एक नमुना पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. घाटावर आणि कोकणात ज्यांची मुळे आहेत, अशा आपल्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांनी लहानपणी दिवाळीत मातीचा किल्ला केला असेल. इकडे गोव्यात नरकासुराची धामधूम. पण आजोळी गेलेली मुले किल्ल्यात रमत. दगड-विटांवर गोणपाट टाकावे, चिखल थापावा, हळीव पेरावे, आणि मग बाजारातून आणलेले मावळे बुरुजांवर उभे करावेत. त्या किल्ल्यात प्रमाण म्हणून काही नसे. मावळा दरवाजापेक्षा उंच, वाघ तटापेक्षा मोठा, आणि सिंहासनावरचे महाराज सर्वांहून मोठे. आमच्या आजच्या शिस्तीने पाहिले तर तो सगळाच घोटाळा. पण तो असत्य होता काय? मुलांनी तेथे फूटपट्टीने नव्हे, आदराने मापले होते. जो थोर तो मोठा. जुन्या चित्रांतून राजा सेवकांच्या दुप्पट काढला जातो, तेही याच न्यायाने. तेव्हा पहिली गोष्ट ही की लहान करणाऱ्याने आपण कशाने मापतो आहोत, हे स्वतःस विचारले पाहिजे. किल्ला करणाऱ्या मुलाला ते ठाऊक असते. पुष्कळदा मोठ्यांनाच नसते.

प्रतिकृतीपासून खरे ज्ञान होऊ शकते, याविषयी मात्र शंका नको. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमानाचे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे. नगरात राहणाऱ्याने गवय नावाचे रानटी जनावर कधी पाहिलेले नाही. रानात वावरणारा त्याला सांगतो की ते गाईसारखे असते. पुढे हा रानात जातो, गाईसारखे जनावर पाहतो, आणि हाच तो गवय असे ओळखतो. सादृश्यातून ओळख पटली. दुसऱ्या महायुद्धात नेमके हेच घडले. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे क्षणात ओळखता यावे म्हणून अमेरिकेच्या नौदलाने १९४२ साली शाळकरी मुलांकडून लाकडाच्या पाच लाख प्रतिकृती मागविल्या. प्रमाण तेच, एकास बहात्तर. त्या काळ्या रंगवीत, कारण आकाशाच्या उजेडावर विमानाची आकृतीच तेवढी दिसते. शिकाऊ सैनिकाने प्रतिकृती पाहावी आणि पुढे खऱ्या विमानास ओळखावे. नैयायिकांचा गवय जणू पंख लावून आला. येथे रंग गळला, खिडक्या गळल्या, यंत्रे गळली; तरी ज्ञान खरेच राहिले. म्हणजे गळणे हा स्वतः दोष नव्हे.

उलट, सर्व काही तंतोतंत ठेवण्याच्या हट्टाने असत्य उत्पन्न होते, हे आम्ही मेजावर शिकलो. आरंभी वाटे, खऱ्या विमानाला जो रंग दिला तोच मिळवून लावला की काम अचूक झाले. तसे केले आणि विमान काळवंडलेले, खोटे दिसू लागले. अनुभवी लोक सांगतात की हातभर अंतरावर ठेवलेली प्रतिकृती म्हणजे पंचवीस-तीस मीटरांवरून पाहिलेले विमान. मधल्या हवेने खरा रंग फिका पडतो, म्हणून रंगात थोडा पांढरा मिसळावा. पंखांवरच्या रिव्हेटांचेही तसेच. आम्ही एकेक रिव्हेट सुईने उठविला. पण बहात्तरपट मोठे करून पाहिले तर प्रत्येक रिव्हेट नारळाच्या करवंटीएवढा झाला असता. आणि माती! विमान ज्या जमिनीवर उभे करावयाचे तिच्यासाठी आमच्याच अंगणातली तांबडी माती घेतली. याहून अस्सल काय असणार? परंतु एक मिलिमीटरचा कण या प्रमाणात सात सेंटिमीटरांचा धोंडा होतो. आमची धावपट्टी आंब्याएवढ्या दगडांनी भरून गेली. शेवटी माती खलात घोटून वस्त्रगाळ केली तेव्हा कोठे ती मातीसारखी दिसू लागली. खरा रंग खोटा ठरला, खरी माती खोटी ठरली. सत्य लहान जागेत आणावयाचे तर ते फिके करावे लागते, चाळावे लागते. आणि चाळणारा हात माणसाचा असतो.

येथपर्यंत आमची वाटचाल सुखाची होती. पुढची गोष्ट सांगणे कठीण आहे. पण ती वगळली तर हा लेखही चाळणीतून गेलेला ठरेल.

नोकरीत असताना एका गावी रस्त्याच्या कामासाठी स्थळपाहणीस जाण्याचा प्रसंग आला. गावाचे आणि वर्षाचे नाव सांगण्याचे कारण नाही. सोबत नकाशा होता, एकास हजार प्रमाणाचा. एक-चौदाचे उतारे होते. त्यांत कब्जेदार, कूळ आणि इतर हक्क यांचे रकाने होते. आम्ही पंचनामा केला, कच्चा आराखडा काढला. काम संपत आले तेव्हा एक वृद्धा पुढे आली. आराखड्याकडे बराच वेळ पाहून तिने विचारले, "साहेब, ह्या कागदार आमची झर खंय आसा?"

डोंगराच्या पायथ्याशी दीड हात रुंदीची झर होती. तेथून चार-पाच घरे पाणी भरीत. कडेला राखणदाराचा दगड होता. त्यावर सुकलेली फुले. एकास हजार प्रमाणात ती झर एक मिलिमीटरचीही होत नव्हती; पेन्सिलीचे टोक तिच्यापेक्षा जाड होते. उताऱ्यातल्या इतर हक्कांच्या रकान्यात तिची नोंद नव्हती, कारण कोणी केलीच नव्हती. आम्ही तिला समजावून सांगितले की एवढी लहान गोष्ट या प्रमाणात दाखवीत नाहीत. आमचे म्हणणे नियमास धरून होते. ती काही बोलली नाही. पुढे रस्ता झाला, आणि झर भरावाखाली गेली. नळ नंतर आला, हेही सांगितले पाहिजे. पण नंतर आला.

त्या आराखड्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. आज तो कोणी तपासला तरी आमच्यावर ठपका येणार नाही. तथापि इतकी वर्षे लोटल्यावरही तो प्रश्न आमच्या कानांत आहे. आम्ही खोटे बोललो नाही. आम्ही फक्त प्रमाण निवडले, आणि प्रमाणाने आमच्या वतीने झर वगळली. सत्ता असलेल्या माणसाला ही फार सोयीची व्यवस्था असते. वगळणारा कोणी नाही. वगळले ते मापाने! पण त्या आराखड्याच्या कोपऱ्यात एक बाण काढून "येथे पिण्याच्या पाण्याची झर" एवढे चार शब्द लिहिण्यास कोणते प्रमाण आड येत होते? काहीच नाही. आम्हांस सुचले नाही. किंवा सुचू दिले नाही.

हे सारे मनात असताना आम्ही गेल्या वर्षी दाबोळीचा देखावा करावयास घेतला. नातवाची तशी मागणी होती. बोगमाळोच्या वाटेवर १९९८ साली सुरू झालेले नौदलाचे विमानसंग्रहालय आम्ही त्याला दाखविले होते. तेथे उघड्यावर उभी असलेली सी हॉक, अलिझे, सी हॅरियर ही विमाने त्याने हात लावून पाहिली, आणि अवाढव्य सुपर कॉन्स्टेलेशनच्या चाकाजवळ उभे राहून छायाचित्र काढून घेतले. तेथे येणारे बहुतेक लोक असेच करतात. चाकाजवळ आपण उभे राहिलो म्हणजे विमान केवढे ते कळते. माणूस हेच शेवटी प्रमाण. घरी परतताना नातू म्हणाला, "आबा, आपण गोवा मुक्तीचं करूया. वरून कॅनबेरा बाँब टाकतंय, असं."

कॅनबेरा आमच्यापाशी तयार होतेच. त्यावरून घरात एकदा वादही झाला होता. सौ. म्हणाल्या होत्या, "हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारतात, हे कसलं विमान? बाँब टाकायचं, असं सांगायला मला बरं वाटत नाही. एवढं सुंदर रंगवता, ते कशासाठी होतं हे तरी ध्यानात असतं का तुमच्या?" आम्ही तेव्हा इतिहासाचे, स्वातंत्र्याचे दाखले दिले. ते दाखले खोटे नव्हते. परंतु प्रश्न सौंदर्याचा होता, आणि त्याला उत्तर दिले नव्हते. शस्त्र बहात्तरपट लहान केले की त्याचा आवाज जातो, वास जातो, भीती जाते. आकार तेवढा उरतो, आणि आकार सुंदर असतो. या छंदात हा धोका नेहमीच आहे.

१८ डिसेंबर १९६१ रोजी काय घडले, ते आमच्या पिढीने वडिलांकडून ऐकले. आम्ही तेव्हा कडेवरचे मूल होतो. घर डिचोलीस होते. पहाटे पोर्तुगीजांनी माघार घेताना डिचोलीचा पूल उडविला, तो आवाज वडिलांनी ऐकला. तुळशीपुढची पणती थरथरली, एवढेच ते सांगत. मग ते दिवसभर हसत होते आणि मध्येच रडत होते, असे आजी सांगे. त्याच सकाळी दाबोळीच्या धावपट्टीवर बारा कॅनबेरा विमानांनी बाँब टाकले, मागाहून आणखी आठांनी. बांबोळीच्या बिनतारी केंद्रावर हंटर विमानांनी हल्ला केला. पण दाबोळीची टर्मिनल इमारत आणि नियंत्रण मनोरा यांना धक्का लागला नाही. तसे आदेशच होते. बाजूस उभी असलेली दोन प्रवासी विमानेही वाचली. त्या रात्री धावपट्टीची घाईघाईने डागडुजी करून ती दोन्ही विमाने कराचीकडे निघून गेली. त्यांत काही पोर्तुगीज अधिकाऱ्यांची कुटुंबे होती. त्यांतले एक विमान कॉन्स्टेलेशन होते, बोगमाळोला नातवाने ज्याच्या चाकाजवळ छायाचित्र काढले त्याच घराण्यातले.

या सर्वांतून एक हात लांब, एक हात रुंद फळीवर काय मांडावे? सर्व मांडता येत नाही. आम्ही महिनाभर विचार केला आणि रात्र निवडली. बुजविलेले खड्डे, त्यांवरची ताजी माती, मागे अखंड उभी असलेली इमारत, आणि तिच्यापुढून हातात बोचकी घेऊन चाललेल्या एकेक इंचाच्या चार स्त्रिया आणि दोन मुले. कॅनबेरा त्यात नाही.

साहित्यमंडळातील एका ज्येष्ठ स्नेह्यांना हे रुचले नाही. ते म्हणाले, "मुक्तीचा देखावा, आणि त्यात आपला एकही जवान नाही? शत्रूची बायकामुले मात्र आहेत? हा कसला न्याय?" त्यांच्या घराने त्या लढ्यात सोसलेले आहे, त्यांच्या प्रश्नाला अधिकार आहे. आम्ही त्यांना खुर्ची दिली आणि त्या इमारतीकडे बोट दाखविले. म्हटले, "ही उभी आहे ना, हेच आपले जवान. त्यांनी काय पाडले ते कोणीही दाखवील. त्यांनी काय पाडले नाही, ते या बायकामुलांवाचून दिसत नाही." ते पुष्कळ वेळ पाहत राहिले. त्यांना ते पटले, असे आम्ही म्हणणार नाही. जाताना इतकेच म्हणाले, "एक तिरंगा तरी लावा कुठे." १८ च्या रात्री दाबोळीवर तिरंगा नव्हता, तो दुसऱ्या दिवसाचा. म्हणून आम्ही लावला नाही. पण त्यांची मागणी आम्ही विसरलो नाही. ती कोठे नोंदविली, ते पुढे येईल.

या सर्वांतून आम्हांस जे वाटते ते असे. लहान केल्यावाचून माणसाला जग समजत नाही. नकाशा, इतिहास, अंदाजपत्रक, बातमी, सगळी लहान केलेलीच रूपे आहेत. एकास एक प्रमाणाचे सत्य कोणालाच मिळत नाही. बोगमाळोचे खरेखुरे विमानही मूक उभे आहे, त्याचेही युद्ध गळालेले आहे. तेव्हा वगळणे हे पाप नव्हे. पाप हे की वगळले ते आपण नव्हे, मापाने वगळले, असे म्हणून मोकळे होणे. वगळणाऱ्यावर दोन कर्तव्ये येतात. एक, आपल्या प्रतिरूपात कोठेतरी माणूस उभा ठेवणे, ज्यावरून इतर सर्व मोजता येईल. दुसरे, काय गाळले ते स्वतःच्या हाताने लिहून ठेवणे.

जानेवारी २०२३ पासून मोपाच्या सड्यावरून प्रवासी विमाने ये-जा करू लागली, आणि पडवीत बसल्या बसल्या खरी विमाने दिसू लागली. त्या उंचीवरून खाली पाहणाऱ्या प्रवाशास पेडणे तालुका केवढा दिसत असेल? आमचे छप्पर फार तर तांदळाच्या दाण्याएवढे. ज्यांची गुरे त्या सड्यावर चरत होती, त्यांचे तर तेवढेही दिसणार नाही. विमानतळ नको होता, असे आमचे म्हणणे नाही. आमची लेक त्याच विमानतळावर उतरून तासाभरात घरी येते आणि आम्हांस आनंद होतो. म्हणणे एवढेच की उंचावरून पाहणाऱ्याने, मग तो विमानात बसलेला असो वा मेजाशी नकाशा घेऊन बसलेला असो, खाली जे दिसत नाही ते नाहीच असे धरून चालू नये.

नातवाने एकदा सुचविले, "आबा, त्या आजीची झर करूया ना. छोटीशी." गोष्ट त्याने आमच्याकडूनच ऐकली होती. आम्ही नाही म्हटले. पाणी लहान होत नाही. थेंब तो थेंबच राहतो. पाण्याच्या जागी राळ ओतावी लागते. आणि राळेची झर करून शोकेसमध्ये ठेवली, तर आपण काही परत केले, असे आम्हांस वाटू लागेल. ते वाटून घेण्याचा आम्हांस हक्क नाही.

त्याऐवजी आम्ही एक रीत पाडली आहे. प्रत्येक देखाव्याच्या फळीखाली एक कागद चिकटवितो. त्यावर मथळा असतो, "यात काय नाही". दाबोळीच्या फळीखालचा कागद नातवाच्या अक्षरात आहे. त्यावर लिहिले आहे: आवाज. डिचोलीचा पूल. खड्डे बुजविणाऱ्यांची नावे. कॅनबेरा. दुसऱ्या दिवशीचा तिरंगा. पणजोबांचे हसणे आणि रडणे.

यादी पूर्ण नाही. खाली जागा सोडली आहे. पाहावयास येणाऱ्या प्रत्येकाने फळी उलटून पाहावी आणि त्या वृद्धेप्रमाणे विचारावे, यात आमचे ते कोठे आहे? जे सांगाल ते आम्ही लिहून घेऊ.